गेनुभाऊंचं आठवं पातं

१४ नोव्हेंबर १९७६, रविवार. मी मागच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होते आणि खड्यांपेक्षा कोळशाची कणीच जास्त सापडत होती. ती शेजारच्या गेनुभाऊंकडून उडून येत होती.

गेनुभाऊ म्हणजे भाकरीची जाडी व्हर्नियरने मोजणारा माणूस. गाव चाकणजवळचं, नोकरी पिंपरीच्या एका कंपनीत, तपासणी खात्यात. तिथे दिवसभर नटबोल्ट नापास करून त्यांचं भागत नसे. दाराची कडी, दूधवाल्याचं माप, शेजाऱ्यांची तुळस, सगळ्यांना एकच शेरा: "रिजेक्ट!" एकदा माझी करंजी डोळ्यांपुढे फिरवून म्हणाले, "वैनी, माल चांगला हाय, पण दोन्ही बाजू सारख्या न्हाईत." मी करंजी परत घेतली. तेव्हापासून आमच्याकडचं ते न तपासता खातात.

अशा माणसाने महिन्यापूर्वी एक सुरी बनवायला घरीच लोहारकाम काढलं. कासारवाडीच्या भंगारवाल्या चाचांकडून ट्रकचा ब्रेक ड्रम आणला, त्याची भट्टी झाली. हाताने फिरवायचा पंखा आला. ऐरणीच्या जागी रुळाचा तुकडा आला. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद तापवायचं, ठोकायचं, घासायचं आणि शेवटी लाल करून तेलात बुडवायचं, म्हणजे धार टिकते. पहिल्या खेपेला घरातलं शेंगदाण्याचं तेल गेलं. त्या आठवड्यात त्यांनी बिनफोडणीचं वरण खाल्लं.

सुरी सोमवारी सकाळपर्यंत व्हायलाच हवी होती. सोमवारी त्यांचा मेहुणा येणार होता, गेनुभाऊंच्या बायकोला, पारूबाईंना, माहेरी न्यायला. वैशाखात अर्धांगाचा झटका येऊन पारूबाईंचा उजवा हात लुळा पडला होता. मला वाटलं, सुरी मेहुण्याला भेट द्यायची असेल.

"मेहुण्याला सुरी कसली देता? धोतरजोडी द्या की!" मी कुंपणावरून म्हणाले.

"काम अर्जंट हाय, वैनी," एवढंच उत्तर.

भिंतीशी सहा मोडकी पाती ओळीने मांडली होती, प्रत्येकावर लाल रंगाची फुली. माझ्यादेखत त्यांनी सातवं तेलातून काढलं, पुसलं आणि रुळावर हलकेच आपटलं. टण्णकन दोन तुकडे.

"रिजेक्ट," ते म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता.

मी उठून पलीकडे गेले आणि एक तुकडा उचलून पाहिला. तुटल्या जागी दाणा जाड्या रव्यासारखा दिसत होता.

"गेनुभाऊ, हे करपलंय."

"करपंल कसं? लाल झालं की लगीच काढतो."

"या उन्हात लाल दिसतं तुम्हाला? दुपारच्या उन्हात पेटता निखाराही राखेसारखा दिसतो."

"तपासणी उजेडातच करत्यात, वैनी. नियम हाय."

"कंपनीत असेल. लोहार सावलीत बसतो तो काय गोरा राहायला?"

मग आम्ही दोघांनी भट्टी ओढत मोरीमागच्या छपराखाली नेली. मी दोन्ही बाजूंनी पोती टांगली. अंधार झाला आणि दिसलं, की इतके दिवस ज्याला ते लाल समजत होते ते पिवळंधमक होतं, म्हणजे लालपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं.

आठवं पातं विस्तवात होतं. आकार अर्ध्या चंद्रासारखा, मूठ बसवायची जागा थेट डोक्यावर.

"ही कसली सुरी?"

"डाव्या हातानं वरून दाबून झुलवायची." ते पंखा फिरवत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "तिला आता इळीवर बसता येत न्हाई. बाजारातल्या चार सुऱ्या आणल्या, भाजी निसटती. ती म्हणती, भाजी चिरता न येणारी बाई घरात कशाला, मला म्हायेरी घाला. रोज म्हणती. मी काय, कॅन्टीनमदी जेवंन. पण घरी आल्यावर रिजेक्ट कुणाला म्हणू, वैनी?"

"आधी तेलात बुडवा. लाल झालंय," मी म्हणाले.

पातं तेलात चर्रकन गेलं. मोडलं नाही. मग ठिसूळपणा जावा म्हणून त्यांनी ते पुन्हा मंद आचेवर तापवून थंड केलं आणि संध्याकाळी मूठ बसवली. व्हर्नियर लावला. मूठ सूतभर वाकडी होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"चालंल," गेनुभाऊ म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पातेलंभर निवडलेली मेथी घेऊन त्यांच्याकडे गेले. मेहुणा चहा पीत होता. दाराशी पारूबाईंची ट्रंक बांधून तयार होती. ओट्यावर नवी सुरी तशीच पडली होती.

"पारूबाई, माझ्याकडे चार माणसं जेवायला आहेत. एवढी चिरून द्या," मी म्हणाले. कुणीही यायचं नव्हतं.

त्यांनी मेथीकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं. "मला लई येळ लागंल, बाई. धाची यष्टी हाय."

"लागू दे," मी म्हणाले आणि त्यांच्या ट्रंकेवर बसले.