निर्मोही सभासद

आमच्या गावच्या, म्हणजे धाडजवळच्या, विचारधन सार्वजनिक वाचनालयाची वार्षिक सभा रीतसर पार पडली. विषय एकच होता. कार्यकारिणीच्या बैठका व्हरांड्यात होतात, हे संस्थेला शोभत नाही. म्हणून अभ्यासिकेची खोली बैठकीसाठी घ्यावी. मी चिटणीस असल्याने सारे माझ्यासमोर घडले.

साधारण सभासद छाया उभी राहिली. "अध्यक्षसाहेब, माह्या घरात पिठाची गिरणी हाय. तलाठी भरतीची परीक्षा दीड महिन्यावर आली. खोली गेली त मी अभ्यास कुठी करू?"

तिच्या मागे एकेचाळीस वाचकांनी हात वर केले. कार्यकारिणीचे हात सात भरले. अध्यक्ष किसनराव मात्र डगमगणारे नव्हेत.

"ज्याचा विषयात हितसंबंध हाय, त्याले मत नाही," ते म्हणाले. "तुमी वाचता, म्हणजे तुमचा वाचनालयात हितसंबंध हाय. लिहा, चिटणीस."

मी लिहिले. सभासदांचे दोन वर्ग पडले: वाचणारे, म्हणजे हितसंबंधी, आणि न वाचणारे, म्हणजे निर्मोही. मताचा अधिकार निर्मोहींना. कार्यकारिणी निर्मोहीच आहे ना, याची छाननी करण्याची गरज कोणाला वाटली नाही.

छायाला वाटली. तिने देवघेवीची वही उघडली. "भगवंतराव काकानं मागच्या वर्षी एक पुस्तक नेलं. हे पाहा, सही."

आमचे उपाध्यक्ष भगवंतराव घामाघूम झाले. "पोरी, नेलं, पण वाचलं नाही वं! टेबलाचा पाय डुगडुगत होता, त्याच्याखाली ठेवलं."

नुसत्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा घरून पुस्तक मागवले. मुखपृष्ठावर पायाचा गोल वण होता आणि आतली पाने एकमेकांना चिकटलेली होती. टाळ्यांच्या गजरात भगवंतरावांना मताचा अधिकार परत मिळाला.

छायाने शेवटचा प्रयत्न केला. "असा नियम संस्थेच्या घटनेत कुठीच नाही. साधारण सभासदाले मत हाय, कलम अकरा."

"तू घटना वाचली?" किसनरावांनी मायेने विचारले.

"हाव, पूर्ण वाचली."

"आन् आमच्यापैकी कोणी वाचली?"

सातही जणांनी अभिमानाने नकारार्थी माना हलवल्या. छायाचा हितसंबंध तिच्याच तोंडून शाबीत झाला. ठराव सात विरुद्ध शून्य मतांनी, म्हणजे एकमताने, मंजूर झाला.

छाया आता एसटी स्टँडवरच्या बाकावर अभ्यास करते. बस आली की वही मिटते, गेली की उघडते. परवा तिला पाहिले आणि मला फार वाईट वाटले, लाजही वाटली. पण इतिवृत्तात त्यासाठी रकाना नाही. पुस्तके सुरक्षिततेसाठी कुलपात ठेवली आहेत आणि नव्या खोलीत आमची पहिली बैठक झाली; विषय होता, गावात वाचनसंस्कृती का उरली नाही.

हे इतिवृत्त हरकतींसाठी आठ दिवस खुले आहे. ज्यांनी ते वाचले नाही, त्यांची संमती गृहीत धरली आहे. आपण मात्र ते शेवटपर्यंत वाचलेत. आपली हरकत असेलच, पण आता आपल्याला मत नाही.