देवकाची न्याहारी

"चोच राहू द्या हो. चोचीत काय आहे ते सांगा," प्रिस्का म्हणाली.

इरास्मस मुयांजा संगणकासमोर बसले होते. पायांवरचा दलदलीचा चिखल अजून वाळला नव्हता. पहाटेपासून काढलेल्या एक हजार चाळीस फोटोंपैकी एक हजार एकोणचाळीस त्यांनी निर्दयपणे पुसून टाकले होते आणि उरलेला एक बायकोला दाखवायला तिला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं होतं. फोटोत बुलवे होता. माणसाच्या छातीपर्यंत येणारा, करड्या रंगाचा, बुटासारख्या चोचीचा तो पक्षी तासन्‌तास न हलता उभा राहतो आणि हौशी छायाचित्रकारांची कंबर मोडतो. चोचीवर पाण्याचा प्रत्येक थेंब वेगळा मोजता येत होता. डोळा तर असा उतरला होता, की तो मुयांजांकडे बघून आता काही तरी बोलेल.

"मासा आहे," मुयांजा म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. कुठला मासा?"

मुयांजांनी चष्मा पुसला. पक्ष्यांचे फोटो काढणारा माणूस फक्त पक्ष्याचा डोळा बघतो. बाकी जग त्याच्या लेखी पार्श्वभूमी असते. अकरा मिनिटं ते कॅमेऱ्याला डोळा लावून होते, पण चोचीत काय आहे ते त्यांनी आत्ता प्रथमच पाहिलं. लांबुळकं अंग, दोऱ्यासारखे पर, निमुळती शेपटी.

"मांबा," ते हळूच म्हणाले.

"अगंबाई! म्हणजे तुमचेच भाऊबंद की!"

मांबा हे मुयांजांच्या कुळाचं देवक. त्या कुळातला माणूस मांबा मारत नाही, खात नाही, दुसऱ्याच्या ताटात दिसला तर मान वळवतो. प्रिस्काचं कूळ हरणाचं होतं. तीस वर्षांच्या संसारात सासरच्यांवर बोट ठेवायची अशी सोय तिला पहिल्यांदाच मिळाली होती.

"हा फोटो कुणाला दाखवू नका," ती म्हणाली. "दमालीचा क्वांजुला तीन आठवड्यांवर आलाय. मुलाकडची माणसं मागणी घालायला येणार, आणि आपल्या बाजूला कुळाचे प्रमुख म्हणून जाजा लुकांगा बसलेच नाहीत तर पोरीला द्यायचं कुणी? तुमच्या कॅमेऱ्यानं?"

"जाजा कशाला पक्ष्यांचे फोटो बघतात?" मुयांजा म्हणाले आणि फोटो स्पर्धेला पाठवून दिला.

त्यांचंही खरं होतं. भूमापन खात्यातून निवृत्त झाल्यापासून चार वर्षं ते सरोवरकाठ पक्षी-छायाचित्रण मंडळाच्या स्पर्धेत दुसरे येत होते. पहिले दर वर्षी मंडळाचे अध्यक्ष, दंतवैद्य डॉक्टर ओबुरा. ओबुरांची लेन्स एवढी लांब होती, की ती नावेत चढवताना दोन माणसं लागत. 'साधना आणि संयम' या विषयावर ते दर वर्षी बक्षीस घेताना वीस मिनिटं बोलत. मंडळाचा चौथा नियमही त्यांनीच लिहिलेला: पक्ष्याला हुसकावणारा, आवाज करून दचकवणारा किंवा आमिष दाखवणारा सभासद कायमचा बाद.

या वर्षी पहिले आले मुयांजा. फोटोला नाव दिलं होतं 'न्याहारी'. पितळेची ढाल मिळाली. ओबुरांनी अभिनंदन करताना हात इतका दाबला, की मुयांजांना दाढ काढल्यासारखं वाटलं.

पुढचं काम पुतण्या गॉडफ्रीनं केलं. तो बँकेत कारकून होता आणि काकांचा त्याला खरोखर अभिमान होता. त्यानं फोटो कुळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या कुळाचा मान.' गटात सहाशे माणसं होती.

मंगळवारी सकाळी जाजा लुकांगांचं बोलावणं आलं. क्वांजुला शनिवारी होता.

जाजा आंब्याच्या झाडाखाली खुर्चीत बसले होते. कुळाचे चार ज्येष्ठ बाजूला बाकावर. फोनवर दिसत नाही म्हणून जाजांनी फोटो कागदावर मोठा करून आणवला होता. मुयांजा चटईवर बसले.

"हा कोण?" जाजांनी फोटोवर काठी टेकवली.

"बुलवे, जाजा."

"त्याला मी ओळखतो. आडवा कोण आहे?"

मुयांजा चटईची काडी उपटू लागले.

"घास गिळायला किती वेळ लागला?"

"अकरा मिनिटं."

"तेवढ्यात तू फोटो किती काढलेस?"

"दोनशे बारा."

बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला.

"इरास्मस," जाजा शांतपणे म्हणाले, "शेजाऱ्याच्या कोंबडीला ससाण्यानं उचललं तरी माणूस तोंडानं 'हाड' म्हणतो. तुझ्या डोळ्यांदेखत तुझं देवक गिळलं जात होतं. अकरा मिनिटांत तुला एकदा 'हाड' म्हणता आलं नाही?"

प्रश्न सरळ होता आणि शनिवार जवळ होता. मुयांजांच्या तोंडून निघून गेलं, "म्हणालो ना, जाजा! चांगला ओरडलो. टाळ्या वाजवल्या. वल्हं पाण्यावर आपटलं. पण तो मेला निर्लज्ज!"

"वल्हं आपटलंस?"

"दोनदा."

जाजांचा चेहरा उजळला. "मग असं आधी नाही का सांगायचं! फोटो पुरावा म्हणून काढलेस होय?"

"हो. पुरावाच."

"शनिवारी मी येतो," जाजा म्हणाले. मुयांजांनी घरी जाताना प्रिस्कासाठी पिकलेल्या अननसाची जोडी घेतली.

संध्याकाळी गॉडफ्रीनं गटावर नवी बातमी टाकली: 'काका देवकासाठी बुलवेशी लढले! ओरडले, वल्हं आपटलं!' सहाशे माणसांपैकी एकाचे दात डॉक्टर ओबुरांकडे दुरुस्तीला होते.

बुधवारी मंडळाचं पत्र आलं. चौथ्या नियमाच्या भंगाबद्दल चौकशी, शुक्रवारी दुपारी चार वाजता. साक्षीदार म्हणून नावाडी सालोंगोला बोलावण्यात आलं आहे.

"सांगून टाका ना, ओरडलो नाही म्हणून," प्रिस्का म्हणाली.

"आणि ते जाजांच्या कानावर गेलं म्हणजे?"

"जाजा काय तिथं येणार आहेत?"

जाजा आले. कुळातल्या माणसावर बाहेरची माणसं आरोप ठेवतात म्हटल्यावर कुळानं पाठीशी उभं राहायला नको? पांढराशुभ्र पायघोळ कांझू घालून, चार ज्येष्ठ आणि गॉडफ्रीसह, ते मंडळाच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसले. मागच्या रांगांत मंडळाचे तीस सभासद होते, खिसेच खिसे असलेल्या जाकिटांमध्ये. जाजांनी त्यांच्याकडे एकदा वळून पाहिलं आणि गॉडफ्रीला विचारलं, "एवढी माणसं मासेमारीला चाललीत का?"

"श्रीयुत मुयांजा," डॉक्टर ओबुरा म्हणाले, "आपण पक्ष्यावर ओरडलात का? हो की नाही?"

मुयांजांनी डावीकडे जाजांकडे पाहिलं. उजवीकडे टेबलावर पितळेची ढाल होती.

"ओरडलो," ते म्हणाले. "पण मनातल्या मनात."

"टाळ्या?"

"त्याही तशाच."

"वल्हं कोणी मनातल्या मनात आपटतं का?" ओबुरा गरजले.

"इरास्मस, हे काय?" जाजांनी काठी आपटली. "मोठ्यानं बोल!"

"नावाड्याला विचारू," ओबुरा म्हणाले. "सालोंगो, उभा राहा. साहेब ओरडले का?"

जुळ्यांचा बाप म्हणून ज्याला सगळे सालोंगो म्हणत, तो नावाडी टोपी हातात घेऊन उभा राहिला. गडी बेताचं बोलणारा होता.

"नाही, डॉक्टर. श्वासही घेत नव्हते."

जाजांची मान सावकाश मुयांजांकडे वळली. मुयांजांना शनिवार कोसळताना दिसला.

"खोटं बोललास?" जाजा म्हणाले. "देवक मरताना नुसता बघत राहिलास?"

"मरताना नाही हो, आजोबा," सालोंगो म्हणाला. "मासा कालचा होता."

"कालचा म्हणजे?"

"मेलेला. बाजारातनं आणला होता मी. साहेब लेन्स पुसत होते, तेव्हा मागनं लव्हाळ्यात टाकला. यांना ठाऊक नाही. नाही तर बुलवे दिवसभर ढिम्म उभा राहतो, गिऱ्हाईक कंटाळतं, परत येत नाही."

मुयांजांच्या डोळ्यांसमोरून ती पहाट गेली. साधना, संयम, अकरा मिनिटं आणि मागे पोत्यात मासा.

"आमिष!" ओबुरा टेबलावर हात आपटून उभे राहिले. "बाद! ढाल परत!"

"मग सगळ्याच परत घेणार का, डॉक्टर?" सालोंगोनं साधेपणानं विचारलं. "गेल्या वर्षीचा तुमचा मासा तर माझी बायको स्वतः घेऊन आली होती. तुम्ही म्हणालात, जरा मोठा बघ."

तीसच्या तीस सभासद आपापल्या खिशांची बटणं तपासायला लागले. चिटणीसबाई वही मिटत म्हणाल्या, "मला वाटतं, चहा झालाय."

ढाल मुयांजांकडेच राहिली. ती काढून घ्यायची तर कारण लिहावं लागलं असतं.

राहिले जाजा. त्यांनी फोटोवर पुन्हा काठी टेकवली. मग म्हणाले, "मासा मेलेला होता. म्हणजे इरास्मसनं देवकाचा खून बघितला नाही. तो मयताला गेला होता."

चारही ज्येष्ठांनी माना डोलावल्या.

"मयताला जाऊन दोनशे बारा फोटो काढले, हे वाईटच. पण आजकाल सगळेच काढतात. उद्या दहा वाजता येतो."

शनिवारी क्वांजुला थाटात झाला. जाजांनी मुलाकडच्यांना तीन तास ताटकळवलं, टोमणे मारले आणि शेवटी दमालीला दिली. उकडलेल्या केळ्यांच्या, मटोकेच्या राशी संपल्या. मंडळाचे सगळे सभासद भलेमोठे आहेर घेऊन आले होते. पण सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त वाढलं गेलं ते सालोंगोला. तो हात आखडून जेवत होता, आणि कोणी न कोणी त्याच्या शेजारी वाकून काही विचारत होतं.

मुयांजा शेंगदाण्याची आमटी घेऊन त्याच्याकडे निघाले, तर डॉक्टर ओबुरा आधीच तिथं होते. जाजांकडे चोरून बघत ते कुजबुजत होते, "पुढच्या रविवारी नेहमीचंच. फक्त मांबा नको. मांगूर आण."

मुयांजा हादरले. कालच्या काल एवढी शोभा झाली आणि या माणसाला लाज म्हणून नाही! ओबुरा दूर जाईपर्यंत ते थांबले. मग सालोंगोच्या ताटात आमटी वाढत खाली वाकले.

"त्यांना रविवार दिलास?"

"हो, साहेब."

"मग मला आदला शनिवार दे," मुयांजा म्हणाले. "तोवर पक्षी उपाशी असेल."