मुंजाजीमामांचा बर्फ

मे महिन्याच्या दुपारी जिंतुरात कुत्रीसुद्धा रांजणाखालच्या ओलीत पोट टेकून पडतात. अशा वेळी आमचे शेजारी मुंजाजीमामा डोक्यावर ओला टॉवेल टाकून ओट्यावर बसलेले असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतात, "बर्फ अजून फुटला न्हाई बरं का. फिकिरीची गोष्ट हाय."

नवखा माणूस आधी मामांकडे बघतो, मग उन्हाकडे बघतो, आणि काय ते समजून चुकतो. एकदा एका भाजीवाल्यानं त्यांना खिशात ठेवायला कांदा काढून दिला होता, ऊन उतरावं म्हणून. मामांनी कांदा ठेवून घेतला आणि त्याला बर्फाची हकिकत पहिल्यापासून सांगितली. बिचाऱ्याची अर्धी मेथी सुकून गेली.

हकिकत अशी. मामांची एकुलती एक लेक अर्चना आणि जावई कॅनडात असतात. कॅनडा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते नव्हे. पार उत्तरेला, नकाशाचा कागद संपत आला की तिथलं एक लहानसं गाव. गावाला लागून मोठी नदी, आणि अर्चनाचं घर नदीकाठच्या गल्लीत. ही नदी निम्मं वर्ष गोठलेली असते. लोक तिच्यावरून गाड्या नेतात. उन्हाळा लागला की बर्फ फुटतो. तो सुरळीत वाहून गेला तर ठीक; वळणावर तटला तर मागं पाणी तुंबतं आणि गावात शिरतं. अर्चनाच्या दारात तर सगळ्यात आधी.

मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जगातली कुठलीही गोष्ट त्यांना एसटीच्या हिशेबानंच कळते. "हे बगा," ते म्हणतात, "पुढचा बर्फ वळणाला अडकला. मागचा ढकलायलाय. दारात ही गर्दी, अन् 'पुढं सरका' म्हणणारं कुणी न्हाई. मंग काय व्हईल?"

आमच्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी येतं. ज्या रांगेत बायका हंडे घेऊन तासतास उभ्या असतात, त्या रांगेसमोर बसून मामा "तिकडं पाणी लय व्हायची भीती हाय" म्हणतात. पलीकडच्या वच्छलाबाईंनी एकदा सुनावलं, "मंग लेकीला म्हणा, दोन हंडे इकडं लावून दे."

याच वच्छलाबाईंची एकदा मोठी फजिती झाली. तिकडे बर्फ फुटण्याला 'ब्रेकअप' म्हणतात. अर्चनानं फोनवर तो शब्द वापरला, मामांना आवडला, आणि त्यांनी सकाळी चहाच्या हॉटेलात जाहीर केलं, "लेकीकडं ब्रेकअप व्हायलाय. ह्या आठवड्यात उरकला तर बरं." हॉटेलातले सगळे बशीतला चहा बशीतच ठेवून बसले. दुपारपर्यंत बातमी गल्लीत, आणि संध्याकाळी वच्छलाबाई पदरानं डोळे पुशीत मामांच्या ओट्यावर.

"आदी मामी गेल्या, आता पोरीचं हे असं. बोलावून घ्या तिला इकडं."

"आता कामून बोलावू?" मामा म्हणाले. "ब्रेकअप झाला की तिकडं लय मजा असती. सगळं गाव नदीवर जमतं. घंटी वाजवतेत."

"अन् जावई?"

"जावयानं तर पैज लावलीय, कोणत्या दिवशी व्हईल त्याची."

वच्छलाबाईंनी तोंडाला पदर लावला तो घरी जाईपर्यंत काढला नाही. पुढं चार दिवस त्या अमेरिका, कॅनडा आणि एकूणच शिकलेल्या लोकांना शिव्या देत होत्या.

यंदा मात्र चेष्टा सुचेना. तिकडे बर्फ भरपूर पडला होता, ऊन उशिरा आलं आणि आलं ते एकदम तापूनच आलं. बर्फ फुटला आणि गावाच्या खालच्या वळणाला तटला. नदीकाठच्या लोकांना पिशव्या भरून तयार राहायला सांगितलं होतं. मामांचं जेवण सुटलं. मी रोज सकाळी माझं दुकान उघडण्याआधी त्यांच्याकडे डोकावायचो. आपल्या सकाळी तिकडे संध्याकाळ, तेव्हा अर्चनाचा फोन यायचा. इंजिनाच्या आवाजात जन्म गेल्यामुळे मामांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"पाणी कुठवर आलं?"

"पायरीला लागलं, बाबा. हे सामान वर चढवायलेत."

मामा उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "सामान राहू दे. तुमी दोघं टेकडीवर तुज्या मैत्रिणीकडं जा. आत्ता जा. मी कंडक्टर म्हणून सांगतो, आदी माणसं उतरवायची, टपावरची गाठोडी मागून."

ती दोघं गेली. दुसऱ्या दिवशी बर्फ सरकला. पाणी उंबऱ्याशी येऊन फिरलं आणि घर वाचलं. मला इतका आनंद झाला की मी पावशेर पेढे घेऊन गेलो. मामा ओट्यावर बसले होते.

"सुटली ना गाडी, मामा?"

"सुटली. डबल बेल." पेढा त्यांनी हातातच धरला होता. "एक गोष्ट बोलू का? तुमची मामी होती तवर पोरीचा फोन आला की मी इचारायचो, 'बरी हायस का?' ती म्हणायची, 'बरी हाय.' की मी, 'घे, आईला देतो.' मंग त्या मायलेकी तासभर. मामी गेल्यावर पहिला फोन आला. बरी हायस का, बरी हाय. अन् पुढं? फोन द्यायचा कुणाला? पोरगी ठेवीना, मला ठेववंना. मंग मी म्हणलं, 'नदीला पाणी कसं हाय?' अन् ती बोलाय लागली. आता नदी निवांत वाहायलीय. देवाची किरपा. पण उद्या काय इचारू?"

पेढे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेलो. फोन वाजला.

"बरी हायस का?"

"बरी हाय, बाबा."

मग कुणीच बोलेना. मामा माझ्याकडे बघत होते. फोनमधून भांड्यांचा आवाज येत होता. शेवटी अर्चनाच म्हणाली, "बाबा, आई येसर करायची ना, आमटीचं पीठ, त्यात काय काय टाकायची ओ? मला काही केल्या आठवना."

"थांब, थांब. ठिवू नको." मामा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. फळीवरचा एकेक डबा काढून उघडायला लागले, नाकाशी धरायला लागले. "हे धनं दिसायलेत. टाकायची का धनं? ... बरं. ही हरभऱ्याची डाळ ... अन् ह्याला काय म्हणतेत? काळं हाय, वास लय चांगला यायलाय ..."

मी दारात उभा होतो. त्या घरात अर्चना परकरात होती तेव्हापासून येसर तीच करायची. मामींना तर त्याच्या धुरानं खोकल्याची उबळ यायची, म्हणून अर्चना भाजत असताना त्या अंगणात येऊन बसायच्या. मामा तेव्हा गाडीवर असायचे. आमच्या घरीही दरवर्षी डबा यायचा, अर्चनाच्या हातचा.

मी पायात चपला घातल्या आणि दुकान उघडायला निघालो.