व्याह्याच्या गाऱ्या

"मॅडम, चिडवणारे आपल्याच घरचे मोठे लोक असले, तर?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून श्रुतिकाने हे विचारलं आणि अख्खा वर्ग खिदळला. पण चिडवाचिडवी कशी थांबवायची ते शिकवायला आलेल्या मॅडम हसल्या नाहीत. "मोठे असोत की लहान," त्या म्हणाल्या, "उठायचं, हात पुढे करायचा, 'बस!' म्हणायचं आणि ज्याला चिडवतात त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं."

झालं! तेव्हापासून श्रुतिकाचे पाय बालाघाटच्या रस्त्याला लागेनात. डोळे मिटले की ती वैनगंगेच्या पुलावर उभी असायची, हात पुढे, ओढणी वाऱ्यावर, आणि जगातले सारे चिडवणारे ढेकळासारखे पाण्यात विरघळून जायचे. वर्गात मात्र आता कोणी कोणाला चिडवेचना. वाट पाहून तिचा हात शिवशिवायला लागला.

तो शिवशिवता हात घेऊन ती तिरोडीजवळच्या गावी, मामेबहीण मंजूच्या लग्नाला गेली.

पंगत बसली. नवरदेवाचे वडील डोमाजी ऐटीत मधोमध. पहिला घास उचलला तोच ओट्यावरून सत्यभामामामींनी व्याह्याला चिडवणारी गारी खणखणीत सुरात धरली:

"पोट आलं कालच बाई, व्याही आला आज,
कोठीतला भात संपला, याले नाही लाज!"

बाया हसत सुटल्या. श्रुतिका ताडकन उठली. "बस!" असं ओरडून ती थेट डोमाजींच्या शेजारी चौकातल्या पोलिसासारखी हात पुढे करून उभी राहिली.

डोमाजींचा घास वाटेतच अडला. "काहून? का झालं?"

"घाबरू नका काका. मी आहो तुमच्यासंग."

"अवं पोरी, साऱ्या गावच्या व्याह्याईले गाऱ्या होतात. गारी म्हणजे मान! मलेच काहून नाही?" त्यांनी ताट सरकवलं. त्यांचं ताट सरकलं तसे सगळ्या वरातीचे हात ताटांवरून उठले.

हेमराजमामा हात जोडत धावले. "सत्यभामा, गा वं लवकर!"

"मी नाही गात. तुमच्या भाचीले तरास होते म्हणते."

खिडकीतून मंजूचं हळद लागलेलं रडकं तोंड डोकावलं. "श्रुती, माह्यं लगन मोडतं का तू?"

श्रुतिकाच्या मनातला पूल तिच्यासकट खचायला लागला. "काका, तुमाले खरंच वाईट नाही वाटलं?"

"वाईट? हे पोट मी का उगाच पाळलं? आता जिनं थांबवलं, तिनंच गावं!"

शाळेत दिवसभर हिंदी बोलणारी जीभ ती. तरी श्रुतिकाने डोळे मिटले आणि जे तोंडाला आलं ते सोडून दिलं:

"व्याही रुसून बसला बाई, मिशी केली ताठ,
जिलेबीचा वास आला, सोडेना मग ताट!"

आधी डोमाजींचं पोट हसलं, मग डोमाजी, मग मांडव. जिलेबी फिरली. भाताच्या वाफेत पताका तरंगायला लागल्या, हसणं तरंगायला लागलं, आणि आईबाबांच्या मध्ये येऊन बसलेली श्रुतिकासुद्धा जमिनीपासून वीतभर वर तरंगत होती.

आता वरातीतल्या, नवरदेवाकडच्या बायांची पाळी. उलट गारी गायची तर नवरीची बहीण समोरच होती. मयुरी वरण वाढत होती. टायफॉइडने तिचे केस गेले होते, नवे जेमतेम बोटभर उगवलेले, वर घट्ट रुमाल.

"करवलीच्या डोक्यावर बाई रोवणाच नाही झाला,
धान तं नाहीच उगवलं, पाऊस कुठं गेला?"

पुन्हा हशा. मयुरीही हसली. पण तिचा मोकळा हात रुमालावर गेला आणि तिथेच राहिला. ती वाढत वाढत जवळ आली तशी श्रुतिकाने हळूच विचारलं, "तुले चालते का हे?"

मयुरीचे ओठ हसतच होते. मान तेवढी हलली. नाही.

ओट्यावर वरातीतल्या बाया पुढच्या ओळीसाठी घसा खाकरत होत्या. मामा आत्ता कुठे घाम पुसत होते. आईने मुलीचा चेहरा पाहिला आणि एका बाजूने ओढणी पकडली. दुसऱ्या बाजूने बाबांनी मनगट.

"श्रुती, गुमान बस," आई दातांतल्या दातांत म्हणाली. "आत्ताच कुठं जमलं!"

"अन् ते वरातवाले होत, बेटा," बाबा कुजबुजले.

श्रुतिकाने ओढणी आईच्या मुठीत तशीच राहू दिली आणि मनगट अलगद सोडवून घेतलं.

"आई, बाबा," ती म्हणाली, "मी परत उठून राह्यली."