औषध नाही, फळ आहे!

आमच्या घरात एकट्यानं कुणी काही खात नाही! हे मी माहेरी, ऑफिसात, अगदी बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा छाती पुढे काढून सांगत आले आहे. एक सफरचंद आलं तरी त्याच्या पाच फोडी होतात. सासूबाईंचा कायदाच आहे तसा. घरात आलेली वस्तू सगळ्यांच्या तोंडाला लागली पाहिजे! त्यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नाही. सूट फक्त औषधाला.

तर माझं गर्भाशय काढलं. ऑपरेशन झकास झालं. पण नंतर ती लघवीची नळी आणि पलंगाला लटकवलेली पिशवी, हे जे प्रकरण होतं ना, ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये! कूस बदलायची तर आधी पिशवीची परवानगी घ्यायची. नळी काढली त्या दिवशी मी सिस्टरचा हात धरून ढसाढसा रडले. म्हटलं, "बाई गं, सांगशील ते करीन, पण ही नळी पुन्हा नको."

डॉक्टरबाईंनी क्रॅनबेरीच्या कॅप्सूल लिहून दिल्या. म्हणाल्या, "अशा ऑपरेशननंतर लघवीत जंतू व्हायची भीती असते. पाणी भरपूर प्या, लघवी तुंबवू नका आणि या सकाळ-संध्याकाळ घ्या. खात्री नाही देत, पण धोका कमी होऊ शकतो."

"फार कडक औषध आहे का हो?" आमच्या ह्यांनी काळजीनं विचारलं.

"छे हो! फळाचा अर्क आहे."

तिथेच माशी शिंकली.

घरी आल्या आल्या ह्यांनी बाटली जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि लॉटरी लागल्यासारखं जाहीर केलं, "आई, औषध नाही, फळ आहे!"

"फळ?" सासूबाईंनी चष्मा वर केला. "मग एकटीनं कसं खायचं?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी आतून ओरडले, "अहो आई, ते मला जंतू होऊ नयेत म्हणून आहे!"

"जंतू काय तुला एकटीलाच होतात?"

कपाळ माझं! टाके ओढत होते, हसताही येईना आणि भांडताही येईना.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकेक घेतली. नणंदेनं कुठेतरी ऐकलं, की यानं चेहरा उजळतो. ती दोन दोन घ्यायला लागली. "वहिनी, बघ ना, गाल कसे दिसतायत!" मी गाल बघितले. दिसत होते गाल. सासऱ्यांनी कॅप्सूल चावून खाल्ली, तोंड वाकडं केलं आणि तरी रोज मागायला लागले. आमचे हे ऑफिसातून आले की, "दमलो बुवा," म्हणत तोंडात टाकायचे. माझी चौकशी करायला शेजारीणबाई आल्या, तर सासूबाईंनी त्यांच्यापुढेही वाटीतून ठेवल्या! "घ्या हो, संकोच करू नका." त्यांनी संकोच केला नाही.

आणि मी? मी झोपलेली असायचे.

एक दिवस मी विचारलं, "अहो, बाटली कुठंय?"

"संपली."

"संपली? माझ्या तोंडात धड चारही गेल्या नाहीत!"

"अगं, तू इतकी शांत झोपायचीस, उठवायचं जिवावर यायचं."

प्रेम बघा केवढं! माझ्या झोपेवर.

संध्याकाळी ते नवी बाटली आणायला गेले आणि स्ट्रॉबेरीचा जॅम घेऊन आले. "ती संपली होती दुकानात. ही पण बेरीच." तो जॅमही पाच जणांत वाटला गेला. मला बोटभर आला.

मग आग सुरू झाली. लघवीला बसलं की डोळ्यांपुढे काजवे! थंडी वाजून ताप आला आणि शेवटी तर लघवीच अडली. सगळं घर मला घेऊन दवाखान्यात हजर झालं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "कॅप्सूल घेतल्या होत्या ना?"

"घेतल्या की!" सासूबाई म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांनीच घेतल्या."

डॉक्टरबाईंच्या हातातलं पेन थांबलं. "सगळ्यांनी? यांत कुणाला रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का? तिच्याबरोबर हे घेतलं तर रक्तस्रावाची भीती असते."

सासऱ्यांनी हळूच हात वर केला.

झालं! सगळी वरात सासऱ्यांभोवती. त्यांचं रक्त काढलं, त्यांना खुर्ची दिली, नणंद वारा घालायला लागली, सासूबाई डोळे पुसायला लागल्या. आमचे हे धावत जाऊन नारळपाणी घेऊन आले, बाबांसाठी. ताप मला, आग मला, आणि मी बाकावर पोट धरून बसलेली! मला बघायला आली ती एकटी सिस्टर. सासऱ्यांचा रिपोर्ट अगदी ठणठणीत आला. येणारच! शेजारीणबाईंपर्यंत सगळ्यांची लघवी आरशासारखी स्वच्छ. एक माझी सोडून.

आणि मला पुन्हा नळी लागली. या वेळी मी रडलेसुद्धा नाही. इतका राग आला होता!

दुसऱ्या दिवशी सगळे भेटायला आले. सासूबाईंनी पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं आणि मोजून वाटलं. माझ्या वाट्याला दोन फोडी आल्या. त्या खाऊन झाल्यावर मी पलंगाला लटकवलेल्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"आई, आपल्या घरात एकट्यानं काही घ्यायचं नाही ना? मग ही कुणाला किती?"

सासूबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. नणंदेनं मोबाईल काढला. सासरे खोकले.

आमच्या ह्यांनी मात्र माझ्या डोक्यावरून प्रेमानं हात फिरवला आणि म्हणाले, "अगं वेडे, ते औषधात येतं."