चन्नप्पाण्णांची सहकुटुंब शिकार

श्रीगजाननास आणि शारदेस वंदन करून, व ज्याच्या तळ्याकाठी आम्हा सोलापूरकरांची बालपणे आणि वार्धक्ये सरतात त्या श्रीसिद्धेश्वराचे स्मरण करून, आज खंडेनवमीच्या दिवशी चार ओळी लिहावयास बसलो आहे. आज आमच्या शुक्रवार पेठेत ज्याने त्याने आपापल्या शस्त्राला झेंडू वाहिला. विणकरांनी मागाला वाहिला, वाण्यांनी तागडीला आणि मी दौत-लेखणीला. शेजारच्या ओसरीवर मात्र पाटावर एक दुनळी बंदूक विराजमान आहे व तिला करडईच्या तेलाचा खमंग वास येत आहे. या बंदुकीने आजवर एकाही जिवाचा प्राण घेतलेला नाही. तिच्या धन्याविषयी लिहावयास याहून शुभ दिवस कोणता?

चन्नप्पाण्णा वारा पाहिल्यावाचून घराबाहेर पाऊल टाकीत नाहीत. उंबऱ्यावर उभे राहून कपाळीच्या विभूतीची एक चिमूट घेतात, नाकासमोर सोडतात, आणि ती ज्या दिशेला उडेल तिच्या उलट दिशेने मार्गस्थ होतात. त्यामुळे समोरच्या माझ्या घरी येण्यास त्यांना कधी कधी आख्ख्या पेठेला प्रदक्षिणा घालावी लागते. शिकाऱ्याचा वास सावजाला लागू नये, हे त्यातील शास्त्र. सावज मी.

"तुमचा वास मला आला, माझा तुमाला न्हाई," असे म्हणत ते मागील दाराने प्रकट होतात. "आज वांग्याचं भरीत हाय की हो!"

व्यवसाय चादरींचा, घराणे शैव, आहार असा सात्त्विक की सोमवारी कांदाही वर्ज्य. भाषा निम्मी मराठी, निम्मी कन्नड. आणि हातातील छत्री सदैव खांद्याला लावलेली, बंदुकीसारखी. बाजारात एखादी म्हैस आडवी आली की हे गृहस्थ एक गुडघा टेकून छत्रीने नेम धरतात, आणि मागून येणाऱ्या टांगेवाल्याला हात करून "सुम्मने!" म्हणून दटावतात. सुम्मने म्हणजे कानडीत 'गप्प'. टांगा थांबतो, म्हैस निघून जाते, अण्णा उठून धोतर झटकतात. "वारा फिरला की हो," असे म्हणून पुढे चालू लागतात.

अशा या सात्त्विक पुरुषाला शिकारीचे वेड लागण्यास निमित्त मीच झालो, हे येथे कबूल केले पाहिजे.

सात वर्षांपूर्वी त्यांची धाकटी कन्या पारू विषमज्वराने अंथरुणास खिळली होती. एकविसाव्या दिवशी अण्णांनी नवस बोलावयाचे ठरविले. घरचे पुरोहित जंगम त्या दिवशी अक्कलकोटाकडे गेलेले, म्हणून शेजारधर्माने संकल्प सांगावयास मला बोलावले. महादेवाला काय प्रिय, याचा विचार करून अण्णा म्हणाले, "व्याघ्राजिन. माझ्या हातानं मिळवून वाहीन." मी पाणी सोडविले, आणि प्रत्येक संकल्पात जी अक्षरे येतात ती सवयीने उच्चारली: "सहकुटुंबानां सहपरिवाराणाम्."

पोर वाचली. अण्णा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. विभूती सोडावयासही विसरले होते.

"शास्त्रीबुवा, सहकुटुंब म्हंजे बायकापोरांसकट की?"

"होय. पण तो आपला नित्याचा..."

"बास. तुमी बोलला, देवानं ऐकलं."

तेव्हापासून दरवर्षी होळी झाली की हे कुटुंब वाघाच्या शिकारीस उत्तरेच्या पहाडात जाऊ लागले. तिकडच्या बाजारांत सोलापुरी चादरींना मागणी असते. गाठोडी विकून झाली की जंगलखात्याचा परवाना काढावयाचा आणि तंबू ठोकावयाचा. बरोबर पत्नी गौरव्वा, थोरली नीला आणि धाकटी पारू. पुढे दोघी मुलींची लग्ने झाली. नीला मंगळवेढ्यास पडली, पारू कुंभारीस. कुंभारी हाकेच्या अंतरावर. पण सासूच्या आज्ञेवाचून तेथून पाऊल हलत नसे. सणावारी दोन दिवस मुली येत, तिसऱ्या दिवशी गाडी दारात उभी. मात्र नवसासमोर कोणत्या सासरचे काही चालावयाचे? "संकल्पात सहकुटुंब हाय. न्हाई पाठवली तर देवाचा कोप तुमच्या दारात," असे अण्णा विहिणींना ऐकवीत आणि साक्षीला माझे नाव सांगत. दीड-दोन महिने मुली पहाडात राहत. वाघ काही मिळत नसे.

यंदा मात्र गोष्ट निकरावर आली. नीलाचे सासरे मलकाप्पा, मंगळवेढ्याची पन्नास एकर ज्वारी ज्यांच्या मिशीच्या टोकावर डुलते असे करारी गृहस्थ, स्वतः व्याह्यांच्या दारी सोलापुरास आले.

"इवाई, सहा साल झाली. वाघ हाय का हुलकावणी देणारी मांजर? औंदा मी सोताच येतो. आन् ह्यो शेवटचा हंगाम. वाघ मिळू दे, न मिळू दे, पुढल्या साली सून माझ्या घरात."

अण्णांचा चेहरा उतरला. मला वाटले, नवस अपुरा राहील या भयाने. मी केदारयात्रेचा विचार करीतच होतो; त्या भोळ्या भक्ताला धीर देता येईल म्हणून मीही त्या मंडळींबरोबर निघालो.

गाड्या बदलीत, दशम्या खात हरद्वारास पोहोचलो. तेथेच पहिला प्रसंग गुदरला. बैराग्यांना आसने विकणाऱ्या एका दुकानात मलकाप्पांनी मुंडक्यासकट एक वाघाचे कातडे पाहिले, आणि ते तेथेच मांडी ठोकून बसले.

"मिळाला की वाघ! घ्या हेच, टाका गाठोड्यात आन् चला माघारी. गंगेत बुडी मारली, नवस फिटला."

अण्णा पांढरे पडले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे बुडता मनुष्य काठावरील झाडाकडे पाहतो. मी शास्त्राला धरून सांगितले, "संकल्पात 'स्वहस्ते' आहे. विकतचे चालावयाचे नाही."

"शास्त्रीबुवा," अण्णा माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "तुमास्नी शंभर वर्सं आयुष्य!" निर्णय तर इतका साधा होता, आणि आनंद इतका मोठा का, हे मला त्या वेळी उमगले नाही.

पुढे तीन दिवस पायी चढण. चिडाच्या झाडांत, एका ओढ्याकाठी तळ पडला. त्या तळाचे वर्णन मी काय करावे! मृगया म्हणजे निःशब्द वनात दबक्या पावलांनी केलेला संचार, असे मी काव्यांत शिकलो आणि शिकविले होते. येथे प्रातःकाळी गौरव्वा खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटावयास बसत, तो घणघणाट समोरच्या डोंगरावरून दुप्पट होऊन परत येई. मागोमाग भाकरी थापण्याचा नाद. आमचा पहाडी वाटाड्या कपाळाला हात लावून म्हणे, "माईजी, शेर भाग जाएगा!"

गौरव्वा परातीतून मान वर न करता म्हणत, "भाकरीला भिणारा वाघ कातड्याला तरी काय कामाचा?"

दुपारी मलकाप्पा तंबूत निजले की दोघी बहिणी चिडाच्या पिवळ्या काड्यांवर फुगड्या घालीत. सासरी खाली मान घालून वावरणारी ती नीला पदर खोचून झाडावर चढे, आणि अण्णा खाली उभे राहून "उजवीकडची फांदी धर!" असे सांगत. एके दिवशी एक अस्वल तंबूत शिरून चटणीचे मडके घेऊन गेले. अण्णांची बंदूक हातातच होती. त्यांनी नेम धरला, दीर्घ श्वास घेतला, आणि म्हणाले, "खाऊ दे. आपला नवस वाघाचा हाय." थोड्या वेळाने झाडीतून अस्वलाचे फुत्कार ऐकू आले, तेव्हा गौरव्वांना वाईट वाटले. मिरची अंमळ जास्त पडली होती.

मलकाप्पा बाकीचे सर्व मिशीला पीळ देत पाहत होते. त्यांनी दिवस मोजले. अखेर म्हणाले, "उद्या हाका घाला. शेवटचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वीस पहाडी माणसे ढोल-डबे घेऊन खोऱ्याच्या वरच्या टोकाला गेली. खाली दोन झाडांवर दोन मचाणे बांधली होती. एकावर अण्णा आणि मी; मधल्या कड्यापलीकडच्या दुसऱ्यावर मलकाप्पा, गौरव्वा आणि मुली. तेथून आमच्या झाडाचा बुंधा दिसत नव्हता. ढोल अद्याप दूर होते. मी मनात महिम्न म्हणत होतो.

पाचव्या श्लोकाला झुडूप हलले आणि वाघ बाहेर आला.

वाचकहो, मी आयुष्यभर शार्दूल हा शब्द विद्यार्थ्यांना समजावून सांगत आलो. तो समोर उभा राहिला तेव्हा कळले की मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. वीस हातांवर, आडवा, उन्हात, जणू कोणाची वाट पाहत असल्यासारखा तो थांबला. अण्णांनी बंदूक उचलली. तो छत्रीवाला विनोदी मनुष्य कोठेच नव्हता. खांदा स्थिर, बोट स्थिर, श्वास स्थिर. ही नेमबाजाची बैठक आहे, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही समजले.

तेवढ्यात कड्यापलीकडून एक दीर्घ घोरणे ऐकू आले. मलकाप्पा झोपी गेले होते. मग काहीतरी धपकन पडल्याचा आवाज झाला. तो त्यांचा पटका होता, असे मागाहून कळले. आणि त्यापाठोपाठ नीलाचे हसणे. दाबून धरलेले, मग न राहवून फुटलेले, पारूने आणखी वाढविलेले.

वाघाने कान टवकारले. अण्णांनी हळूच बंदूक मांडीवर ठेवली. वाघ आला तसा, घाई न करता, निघून गेला. अण्णा त्याच्याकडे पाहतही नव्हते. ते डोळे मिटून हसणे ऐकत होते.

हाका संपला. मंडळी खाली उतरली. वाटाड्या आमच्या झाडाखाली वाकला आणि ओरडला, "शेर तो यहीं खड़ा था! ताज़ा पंजा है!"

मलकाप्पा पटका गुंडाळीत धावत आले. त्यांनी ठसे पाहिले, अण्णांकडे पाहिले, आणि मग माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"शास्त्रीबुवा, तुमी खोटं बोलणार न्हाई. वाघ आला हुता का?"

सर्व जण माझ्याकडे पाहत होते. अण्णा जमिनीकडे.

"आला होता," मी म्हणालो. "नेम अचूक होता. तरी चन्नप्पाण्णांनी बार काढला नाही. कारण त्यांनाच विचारा."

"का वो इवाई?"

बंदुकीचा पट्टा अण्णा बोटाभोवती गुंडाळीत राहिले, आणि मग एखाद्या शाळकरी मुलाने चोरी कबूल करावी तसे म्हणाले, "कातडं घरात आलं की नवस फिटला. नवस फिटला की पोरी येणार न्हाईत. सणाला दोन दिस येत्यात, तवर चूल वळखतीची व्हतीय, की गाडी दारात. हितं दीड म्हैना माझ्या डोळ्याम्होरं असत्यात. सात सालात पाच वाघ बघितले, मलकाप्पा. देवाला फसवलं म्हणा. पर मारवंना."

"अप्पा!" एवढेच नीला वडिलांना म्हणाली, आणि तिने पदर तोंडाला लावला. गौरव्वा मात्र मुळीच चकित झाल्या नाहीत. त्या हाताच्या बोटांना चिकटलेले पीठ काढीत राहिल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आले की सात वर्षे तो खलबत्ता इतक्या जोराने का वाजत होता.

मलकाप्पा एका दगडावर बसले. आता वीज पडणार म्हणून मी मनाशी शांतिपाठाला आरंभ केला. पण ते नीलाकडे वळले.

"सून चार साल माझ्या घरात हाय," ते म्हणाले. "हिला हसताना मी आज पयल्यांदा ऐकलं. झोपंतनं जागा झालो आन् मला वाटलं, माझी शिवगंगाच हसायली."

शिवगंगा कोण, असे मी विचारण्यापूर्वीच ते म्हणाले, "माझी लेक. पार पल्याडच्या मुलखात दिलीया. दोन सालं झाली, धाडीनात. म्या बी कदी भांडलो न्हाई. म्या बी दुसऱ्याची लेक अडवणारा सासराच. कुन्या तोंडानं भांडायचं?"

मग त्या करारी गृहस्थांनी पटका सारखा केला, माझ्या जवळ सरकले, आणि आजूबाजूला पाहून हलक्या आवाजात म्हणाले,

"शास्त्रीबुवा, मला बी एक नवस सांगा. सहकुटुंबाचा. पर असा बगा, की लवकर फिटंल असा नगं."

वाचकहो, असा नवस कोणत्या ग्रंथात सापडतो, हे मी अद्याप शोधीत आहे. तो सापडो वा न सापडो, श्रीसिद्धेश्वर आपणा सर्वांचे कल्याण करो. आपल्या चुली पेटत्या राहोत, आपल्या दाराशी आलेली माहेरवाशिणीची गाडी लवकर माघारी न फिरो, आणि आपल्या घरातील लेकी-सुनांचे हसणे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांच्या कानी पडो. शुभं भवतु.