काटे नसलेली तबकडी

बाबाराव घड्याळजींवर लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांच्या गमती मात्र मी लग्नात, तेरवीत, बसमध्ये, कुठेही सांगितल्या आणि लोक पोट धरून हसले. प्रत्येक वेळी मी एका ठराविक जागी येऊन थांबायचो. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि बाबाराव जाऊन दोन पोळे झाले. ती जागा आज ओलांडायची आहे. आधी गमती सांगतो, कारण त्यांच्याशिवाय हा माणूस कळायचा नाही.

बाबाराव कशालाही गुण द्यायचे ते घड्याळात. भाजी साडेसहा, रस्ता पावणेदोन, नवा तहसीलदार सव्वाचार. बारा म्हणजे सर्वोत्तम. एकदा त्यांनी भर मांडवात वधूपित्याचा हात हातात घेऊन सांगितलं, "पाटील, तुमच्या पोरीच्या लग्नाचे पुरे बारा वाजले!" त्या पाटलांनी पुढची चार वर्षं आपली घड्याळं दुरुस्तीला सौसरला नेली.

पांढुर्ण्याच्या बसस्टँडजवळ त्यांचं लाकडी खोकं होतं. भिंतीवर तीसेक घड्याळं, एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नसे. "खरी वेळ कोणती बाबाराव?" असं विचारलं की म्हणायचे, "ज्याले घाई हाय त्यानं पुढची घ्यावी, ज्याले नाई त्यानं मागची."

त्यांना उजवा डोळा तेवढा होता. डावा मिटलेला, पापणी आत ओढलेली. कुणी हळहळलं की तेच समजूत घालायचे. "घड्याळजीले दुसरा डोळा शोभेपुरताच लागते."

आणि या एका डोळ्यानं त्यांनी अंतराळ पाहिलं. एक जुनी परदेशी मालिका होती. ग्रहाग्रहांवरून हिंडणारं जहाज आणि हिंदीत बोलणारा कप्तान. पूर्वी ती रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची, म्हातारपणी त्यांना मोबाइलवर पुन्हा सापडली. दर रविवारी खोक्याची फळी अर्धी लावून ते एक भाग बघायचे, तोही घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावून. त्यामुळे कप्तानाच्या कोटाची उसवलेली शिवणही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मग दोनशे पानी वहीत परीक्षण लिहायचे आणि शेवटी घड्याळाची गोल तबकडी काढून तिच्यात काटे भरायचे. तेच गुण.

मी नदीपलीकडच्या सावरगावचा, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. सोमवारी सकाळी पूल ओलांडून मी यायचो, लाल पेनानं वही तपासायचो आणि खोक्यासमोर उभ्या मंडळींना मोठ्यानं वाचून दाखवायचो. वाचनाचं काम त्यांनीच माझ्यावर टाकलं होतं. "तुमचा आवाज मास्तरचा हाय. माह्या आवाजानं लोक नुसते दचकून उठतात."

वाचून वाचून काही पाठच झाली आहेत.

"भाग सहावा. ग्रह दोरीले टांगला हाय. दोरी दिसते. साडेतीन."

"भाग चौदावा. कप्तान तीनशे वर्षं मागं गेला, पण हातातलं घड्याळ मागं केलं नाई. असा माणूस जहाज कसा चालवून राहिला? पावणेदोन."

"भाग बाविसावा. जहाजात चारशे माणसं, झाडू एक नाई. रामाकोना गावची माही मावशी एक दिवस पाठवा, राक्षस आपोआप निघून जाईल. पाच."

शेजारचा पानठेलेवाला दिनू विचारायचा, "बाबाराव, त्या कप्तानाले चिठ्ठी लिहून टाका ना एकदाची."

"पत्ता काय घालू बे? चंद्राच्या मागं, पिंपळाजवळ?"

सगळे हसायचे. मी सगळ्यांत मोठ्यानं. मग बाबाराव दोन चहा सांगायचे, खोक्याबाहेरचं स्टूल फडक्यानं पुसायचे आणि म्हणायचे, "बसा मास्तर." वही शेवटच्या वर्षातली, पण त्या स्टुलावर मी त्याच्या कितीतरी आधीपासून, वीस वर्षं बसलो.

त्यांनी लग्न केलं नाही. खरं तर ठरलं होतं, बोरगावची मुलगी होती. डोळा गेल्यावर मुलीकडच्यांचा नकाराचा निरोप आला. ते हेही गमतीनं सांगायचे. "तिले दोन डोळ्यांचा पाहिजे होता. रास्त हाय. तिच्या नजरेत मी साडेपाच." दोन्ही काटे खाली, असं बोटांनी दाखवायचे. त्यावरही लोक हसायचे. तेव्हा मी चहाच्या ग्लासात बघायचो.

ते कारण आता लिहितो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मधल्या झाडासाठी दोन्हीकडून दगड. संध्याकाळी देवीला झेंडा गेला की संपलं. आमच्याकडे समजूत अशी की तिथल्या दगडाला मालक नसतो. डोकं फुटलेला माणूस कुणी फोडलं हे विचारत नाही आणि फोडणारा सांगत नाही. दुसऱ्या दिवशी दोघं एकाच दुकानात बिडी ओढतात. यावरच दोन्ही गावं शेजारी नांदतात.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. दुपारी आमच्या बाजूचा एक म्हातारा पाण्यात पडला. पांढुर्ण्याचा एक तरुण गुडघाभर पाण्यात शिरला आणि त्याच्या काखेत हात घालून ओढू लागला. मला वाटलं, आमच्या माणसाला फरफटत नेतो आहे. मी नेम धरला. गर्दीत भिरकावलेला दगड कुणाचा हे कळत नाही, पण मी नेम धरला होता. माझा दगड हातातून सुटून लागेपर्यंत मी डोळ्यांनी बघत होतो. तो तरुण खाली बसला, तरी त्यानं म्हाताऱ्याला सोडलं नाही. एका हातानं आपला चेहरा दाबून दुसऱ्या हातानं त्यानं म्हाताऱ्याला आमच्याच काठाला आणून टेकवलं. म्हणजे तो त्याला वाचवत होता.

मी मागच्या मागे घरी गेलो. आईनं विचारलं, "काय झालं रे?" मी म्हटलं, "काई नाई, ऊन लागलं."

त्यानंतर मी कधी दगड उचलला नाही. लोकांना वाटलं, मास्तर झाला, सुधारला. दगडाला मालक नसतो, ही समजूत मी पांघरुणासारखी ओढून घेतली.

आता तो भाग. एकेचाळिसावा. त्या सोमवारी बाबाराव म्हणाले, "हा मोठ्यानं नका वाचू मास्तर. नुसता तपासा." मी स्टुलावर बसून वाचला. तो असा:

"भाग एकेचाळिसावा. जहाजावर दगडांचा पाऊस पडला. समोरची काच फुटली, चालवणाऱ्याचे डोळे गेले. कप्तान यंत्राले विचारते, दगड कोणी मारला? यंत्र एका मिनिटात सांगते. असं यंत्र आपल्या नदीवर बसवू नये, दोन्ही गावं उठून जातील. पुढं एक म्हातारा भेटते, त्याले तीन डोळे. म्हणते, मी मारला, चुकून. तीन डोळ्यांच्या माणसाचा नेम चुकते, हे पटलं नाई. पण तो स्वतः सांगाले आला, हे आवडलं. कप्तान मात्र अर्धा तास त्याची चौकशी करते. फालतू काम. सांगाले आलेल्या माणसाले आधी बसाले द्यावं. चहा सांगावा. मग तो बोलो की ना बोलो. या जहाजात चहा नाई, म्हणून यांच्या लढाया संपून नाई राहिल्या."

खाली तबकडी होती. आकडे होते, काटे नव्हते.

"काटे राहिले बाबाराव," मी म्हटलं.

ते एका घड्याळावर वाकलेले होते, डोळ्याला भिंग. मान वर केली नाही. "हे तुमच्यावर सोडलं. तुम्ही सांगा किती वाजले."

तेवढ्यात चहा आला. दोन ग्लास. समोर रिकामा रस्ता होता, दिनूचा ठेला बंद होता, विचारणारं कुणी नव्हतं. त्यांना माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पुलावरून येता-जाता वीस वर्षं घोकलेलं. मी लाल पेन उघडलं, दोन वेलांट्या सुधारल्या, पानाच्या तळाशी "छान" लिहून सही केली आणि वही परत दिली.

त्यांनी वही डोळ्याजवळ धरली. भिंगातून पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर हो तुम्ही. छान तर छान." आणि माझ्या ग्लासावर बशी झाकली. "पिऊन घ्या, थंडा होऊन राहिला."

त्यानंतर त्यांनी बेचाळिसावा भाग लिहिला नाही. मोबाइल बिघडला म्हणाले. थंडीत गेले, झोपेतच. खोकं उघडलं तेव्हा घड्याळं चालू होती. वही दिनूनं मला आणून दिली. "तुमचीच हाय म्हणत होते," म्हणाला.

ती समोर उघडी आहे. तबकडी तशीच आहे. पुलावर घोकलेलं वाक्य फार लांब नव्हतं. स्टुलावर बसायचं, चहाला हात लावायच्या आधी म्हणायचं:

बाबाराव, तुम्ही आमच्या माणसाला उचलत होता, हे मला उशिरा दिसलं. नेम धरून मारला होता. दगड माझा होता. मला माफ करा.